मुंबईला धावायचे आहे, पण कुठे?

मुंबई, खास प्रतिनिधी

दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मुंबईचे काही रस्ते मोटारींकडून काढून घेतले जातात आणि तेवढ्या काही तासांपुरते माणसांच्या पायांच्या स्वाधीन केले जातात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने या शहराला धावण्याची गोडी लावली, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. त्याआधी मुंबईत धावणारी माणसे होती, पण ती शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर, पोलीस भरतीच्या तयारीत किंवा एखाद्या जिमखान्यात दिसत. पन्नाशीतला बँक कर्मचारी, दोन मुलांची आई किंवा नुकताच निवृत्त झालेला शिक्षक बूट चढवून पहाटे पाच वाजता रस्त्यावर उतरतो, हे दृश्य गेल्या दोन दशकांतले. त्या एका रविवारी मरिन ड्राइव्ह, पेडर रोडचा दमवणारा चढ, हाजीअलीचे वळण आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू ही मुंबईची सर्वांत देखणी बाजू धावपटूंना मोकळी मिळते. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र दरवर्षी तसाच राहतो.

धावणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम मानला जातो. व्यायामशाळेची वर्गणी नको, साधने नकोत, जोडीदारही नको. मुंबईत मात्र त्याला एक गोष्ट लागते आणि ती या शहरात सर्वांत महाग आहे, ती म्हणजे जागा. महापालिकेने विकास आराखड्याच्या तयारीसाठी केलेल्या पाहणीत मुंबईकराच्या वाट्याला दरडोई जेमतेम १.२४ चौरस मीटर मोकळी जागा येत असल्याचे दिसून आले होते. केंद्र सरकारच्या २०१४ मधील नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी दरडोई १० ते १२ चौरस मीटर जागेची अपेक्षा धरली आहे. एक सतरंजी अंथरली की मुंबईकराचा हक्काचा वाटा संपतो. त्यात तो धावणार कुठे?

तरीही तो धावतो. बहुतेक वेळा तो पश्चिमेकडच्या समुद्राकाठी धावतो, कारण या शहराने नागरिकांसाठी दृष्टिसुखाची सोय केली आहे ती मुख्यतः तिथेच. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंतचा साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा मरिन ड्राइव्ह हा धावपटूंचा पहिला मुक्काम. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतील इमारतींची रांग. यातील काही इमारती आणि शेजारचे ओव्हल मैदान यांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सपाट, सलग, पहाटेही वर्दळीचा आणि म्हणून सुरक्षित, असे या पदपथाचे वर्णन करता येईल. कठीण फरसबंदीमुळे गुडघे बोलू लागतात, ही तक्रार जुनी असली तरी समुद्राच्या वाऱ्यापुढे ती कुणी फारशी मनावर घेत नाही. उपनगरांतले अनेक जण पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला येतात, धावून होताच घामेजल्या कपड्यांनिशी परतीची गाडी पकडतात आणि नऊच्या ठोक्याला कामावर हजर होतात. पाऊण तास धावण्यासाठी दोन तासांचा प्रवास करावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

शिवाजी पार्कची गोष्ट निराळी. १९२५ साली नागरिकांना खुले झालेले हे मैदान निसर्गसौंदर्यासाठी प्रसिद्ध नाही. पण त्याच्या कट्ट्याबाहेरची साधारण सव्वा किलोमीटरची फेरी, दोन्ही बाजूंचे जुने वृक्ष आणि पहाटेपासून जागी असलेली वस्ती यांमुळे दादर-माहीमच्या कित्येक पिढ्या येथे चालायला आणि धावायला शिकल्या. गेली काही वर्षे मैदानात टाकलेल्या लाल मातीचा धुरळा आसपासच्या घरांत आणि धावणाऱ्यांच्या छातीत जातो आहे. पाणी फवारणे, गवत लावणे, माती काढणे असे उपाय सुचवून आणि अर्धवट करून झाले. निवडणुका व सभांच्या हंगामात हा प्रश्न हमखास चर्चेत येतो आणि नंतर धुरळ्याबरोबरच खाली बसतो.

अशा शहरात १५ ऑगस्ट २०२५ पासून सागरी किनारा मार्गालगतचे विहारक्षेत्र नागरिकांना खुले झाले, तेव्हा त्याचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या नियोजित विहारपथापैकी सव्वापाच किलोमीटरचा भाग त्या दिवशी वापरात आला. प्रियदर्शनी पार्क ते हाजीअली आणि तेथून पुढे वरळीच्या दिशेने असा हा पट्टा आहे. मरिन ड्राइव्हपेक्षा तो लांब आहे आणि रुंदही. एखाद्या निवांत सकाळी डावीकडे हाजीअलीचा दर्गा, समोर सागरी सेतूच्या तारा आणि मागे मलबार हिल असा देखावा धावताना नजरेत भरतो. मुंबईतील सर्वांत सुंदर धावपट्टी कोणती, या प्रश्नाचे उत्तर बदलण्याची क्षमता या पट्ट्यात निश्चितच आहे.

परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी लागेल. हा विहारपथ मूळ उद्दिष्ट नव्हते. सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून बांधलेल्या साडेदहा किलोमीटरच्या मोटाररस्त्याचा तो जोडलाभ आहे. त्यासाठी समुद्रात भराव घालून १११ हेक्टर जमीन तयार करण्यात आली आणि त्यातील सुमारे ७० हेक्टर मोकळी व हरित ठेवण्याचे आश्वासन महापालिकेने दिले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरण परवानगी रद्द केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे नेण्यास मुभा दिली. भरावाच्या जमिनीचा निवासी वा व्यापारी वापर होता कामा नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने पुढे बजावले. वरळीच्या मच्छीमारांनी बोटी सुरक्षित जाण्यासाठी पुलाच्या दोन खांबांतील अंतर वाढवून मागितले. दीर्घ आंदोलनानंतर २०२२ च्या अखेरीस ते ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. आज ज्या फरशीवर धावपटूंचे बूट वाजतात, तिच्याखाली कुणाची तरी मासे पकडण्याची जागा होती, हे या देखाव्याबरोबर लक्षात ठेवायला हरकत नाही.

शिवाय तेथे पोहोचायचे कसे, हा साधा प्रश्न आहेच. विहारपथ आणि शहर यांच्यामध्ये वेगवान मोटाररस्ता आडवा आहे. मोजक्या भुयारी मार्गांतूनच पलीकडे जाता येते. महालक्ष्मी किंवा मुंबई सेंट्रल स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला तो मार्ग शोधण्यातच दमछाक होते. मोटारीने येणाऱ्याची अडचण मात्र वाहनतळापुरतीच. नवी लावलेली झाडे सावली देण्याइतकी वाढायला वर्षे लागतील आणि तोवर आठ वाजल्यानंतर येथे धावणे म्हणजे तव्यावर धावणे होय. हिरवळीच्या मोठ्या भागाची निगा खासगी उद्योगाच्या सामाजिक दायित्व निधीतून राखण्याचा मार्ग महापालिकेने पत्करला आहे. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेला आपल्याच भरावावर गवत लावायला दुसऱ्याचा हात का लागावा, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

मोकळ्या जागा खासगी हाती देण्याचा मुंबईचा अनुभव काही फार जुना झालेला नाही. काळजीवाहू तत्त्वावर दिलेल्या कित्येक मैदानांवर क्लब उभे राहिले आणि ज्यांच्यासाठी ती राखीव होती त्यांनाच दारावर अडवले जाऊ लागले. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक धोरण पुन्हा मंजूर झाले, तेव्हा नागरिकांच्या संतापानंतर तत्कालीन व आताचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत ताब्यात घेण्याचे ठरले. २०२३ मध्ये नव्या धोरणाचा मसुदा आला आणि तोच वाद पुन्हा पेटला. उलटही उदाहरणे आहेत. वांद्र्याचे बँडस्टँड आणि कार्टर रोड येथील किनारे रहिवाशांच्या पुढाकाराने व वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या आराखड्यांतून सुधारले, आणि तेथे आजही कुणीही, कधीही, काहीही न देता धावू शकतो. फरक खासगी की सरकारी एवढाच नाही. फाटक आहे की नाही, हा आहे.

नेमक्या याच मुद्द्यावर महालक्ष्मी रेसकोर्सचे भवितव्य तपासून पाहण्यासारखे आहे. १८८३ पासून घोड्यांच्या शर्यती पाहणारी ही दोनशे एकरांहून अधिक जमीन राज्य सरकार आणि महापालिका यांच्या मालकीची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेपट्टा २०१३ सालीच संपला होता. शर्यती नसतील तेव्हा सकाळ-संध्याकाळ येथे सर्वसामान्यांना चालता-धावता येते, ही बाब मुंबईबाहेर फारशी ठाऊक नसेल. मातीची, गुडघ्यांना मानवणारी वाट, मोकळे आकाश आणि सभोवार उंच इमारतींची कड, असा योग दक्षिण मुंबईत दुसरीकडे जुळत नाही. डांबर आणि काँक्रीट यांखेरीज पायाखाली काही मिळणे हीच मुंबईत चैन आहे.

जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सदस्यांनी बहुमताने जमीन विभागण्याच्या प्रस्तावाला कौल दिला. त्यानुसार ९१ एकर जमीन २०५३ पर्यंत क्लबकडे राहील आणि १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी मिळेल. सागरी किनारा मार्गालगतची जमीन तिला भुयारी मार्गाने जोडून सुमारे ३०० एकरांचे ‘सेंट्रल पार्क’ उभे करण्याची सरकारची कल्पना आहे. कागदावर ती मोहक आहे. महालक्ष्मीच्या मातीतून निघून समुद्राला वळसा घालून परत येणारी सलग फेरी प्रत्यक्षात आली, तर आशियातील कुठल्याही महानगराला हेवा वाटावा. मात्र उद्यानाबरोबर भूमिगत वाहनतळ आणि भूमिगत क्रीडासंकुल यांचेही आराखडे आले आहेत आणि त्यामुळे शंकांना जागा उरते. जमिनीखाली बांधकाम झाले की वर मोठी मुळे धरणारी झाडे वाढवण्यावर मर्यादा येतात. उरते ती कुंड्यांतली हिरवळ. आज जी जागा जशी आहे तशीच विनामूल्य वापरात आहे, तिला ‘विकसित’ केल्यावर ती तशीच राहील याची हमी काय, असे तेथे नियमित येणारे विचारतात. मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग देखणा आहे, पण तेथे जायला २५ रुपयांचे तिकीट काढावे लागते आणि वेळेची पूर्वनोंदणी करावी लागते. ती पर्यटकांची सोय झाली, रोज धावणाऱ्याची नव्हे.

उत्तरेकडे गेले की शहराचा चेहरा बदलतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे. महानगराच्या सीमेत बिबटे राहतात असे जंगल जगात अपवादानेच आढळते. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता शेवटी चांगलाच चढत जातो, आणि लांब पल्ल्याची तयारी करणाऱ्यांची तेथे खरी परीक्षा होते. पावसाळ्यात ओढ्यांचा आवाज, हिवाळ्यात पानगळ, आणि वाटेत सांबर किंवा माकडांचा कळप. मात्र हे अभयारण्य आहे, उद्यान नव्हे. सोमवारी ते बंद असते आणि नियम वन खात्याचे चालतात. ते योग्यच आहे. वन्यप्राण्यांनी धावपटूंच्या सोयीने दिनक्रम आखावा, अशी अपेक्षा करता येणार नाही.

शेजारच्या आरे वसाहतीत मात्र नियमांपेक्षा अनियमच अधिक. १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून स्थापन झालेल्या या बाराशे हेक्टरांहून मोठ्या हरित पट्ट्यातून गोरेगाव, अंधेरी, पवईचे असंख्य लोक पहाटे धावतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली, तेव्हा त्यांना वाचवायला धावलेल्यांत याच वाटांवर रोज येणारेही होते. त्यानंतर आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. गंमत अशी की त्याच मेट्रो-३ ने ऑक्टोबर २०२५ पासून आरे आणि कफ परेड ही दोन टोके जोडली आणि गोरेगावचा धावपटू आता गाडी न बदलता मरिन ड्राइव्हच्या जवळपास पोहोचू शकतो. आरेच्या अंतर्गत रस्त्यांवर पहाटेही वाहने शॉर्टकट घेतात, दिवे अपुरे आहेत आणि बिबट्यांच्या हल्ल्यांच्या घटना २०२१ व २०२२ मध्ये घडल्या आहेत. पाड्यांवर राहणारे आदिवासी ही जोखीम रोजच पत्करतात. धावपटूंना तिची जाणीव झाली ती बातम्यांमुळे.

पवई तलावाचे प्रकरण या चर्चेत विसरता येणार नाही. तलावाभोवती सायकल आणि चालण्याचा मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने सुरू केले होते. देखाव्याच्या दृष्टीने त्यासारखी जागा नाही. पण तलाव हा पाणथळ अधिवास आहे, काठावर मगरींचा वावर आहे, आणि भराव टाकून केलेले ते काम बेकायदा असल्याचा निर्णय मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला व जागा पूर्ववत करण्याचा आदेश काढला. सुंदर जागी धावण्याच्या हौसेपायी ती जागाच बिघडवायची, यात काय शहाणपण? त्या निकालाने धावणारे-सायकलस्वार नाराज झाले, तरी न्यायालयाचा निर्णय योग्य होता.

त्याहून गंभीर गोष्ट जलवाहिन्यांची. मुलुंड ते शीव अशा ३९ किलोमीटर लांबीच्या तानसा जलवाहिनीलगत सायकल व चालण्याचा मार्ग बांधण्याची ‘हरितवारी जलतीरी’ योजना महापालिकेने आखली. मध्य व पूर्व उपनगरांना लाभलेली ती जवळपास एकमेव मोठी कल्पना. त्यासाठी आधी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार वाहिन्यांलगतच्या झोपड्या हटवण्यात आल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलला पाठवण्यात आले. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीतील माहुलची हवा राहण्यास योग्य नसल्याने २०१९ मध्ये न्यायालयानेच तेथे कुणाला सक्तीने पाठवू नये, असे सांगितले. माणसे हलली, मार्ग मात्र आजवर तुकड्यांतच आहे.

पूर्व मुंबईचा विषय निघाला म्हणून सांगायला हवे की या शहराला दोन किनारे आहेत. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा बंदर प्राधिकरणाच्या भिंतींआड आहे. गोदामे, भंगाराचे ढीग, बंद पडलेल्या गोद्या आणि त्यांच्या पलीकडे शांत खाडी, शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी. सूर्य उगवतो तो याच बाजूला, आणि पहाटे धावणाऱ्याला याहून चांगला देखावा कोणता? राणी जाधव समितीने २०१५ च्या सुमारास बंदराच्या जमिनीतील मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी राखण्याची शिफारस केली होती. त्यानंतर आराखडे झाले, सादरीकरणे झाली, सरकारे बदलली. गोवंडी-मानखुर्दच्या माणसाच्या वाट्याला देवनारच्या कचराभूमीचा धूरच आला. दहावीनंतर पोलीस भरतीची तयारी करणारी तेथील मुले पूर्व मुक्त मार्गाखाली आणि महामार्गाच्या कडेने धावतात. त्यांना कुणी ‘रनर’ म्हणत नाही.

कडेने धावण्यातला धोका काल्पनिक नाही. मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसवर भल्या सकाळी धावणाऱ्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. वरळी सी फेस हा मुंबईतील सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एक. पदपथ असमान, खोदलेले किंवा व्यापलेले असल्याने धावपटू रस्त्यावर उतरतात, आणि पहाटेचा रिकामा रस्ता चालकांना वेगाचे निमंत्रण वाटतो. महिलांच्या बाबतीत त्यात अंधार आणि छेडछाड यांची भर पडते. म्हणूनच त्या प्रामुख्याने गटाने, आणि गजबजलेल्या किनाऱ्यांवरच धावताना आढळतात. निवांतपणा हा पुरुष धावपटूंसाठी जागेचा गुण असतो, बायकांसाठी तो बहुधा दोषच.

आणि हवा? मॅरेथॉनची तयारी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालते, नेमक्या त्याच महिन्यांत मुंबईची हवा सर्वांत वाईट असते. पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर साचतो, वारा मंदावतो, बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर वर जाऊ शकत नाही. धावताना माणूस विश्रांतीच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक हवा छातीत घेतो. सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा भारताने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवली आहे; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५ ची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये परिस्थिती इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी धूळनियंत्रणाचे नियम काढले. झाडी आणि समुद्राचे वारे असलेल्या जागा अशा दिवसांत केवळ देखण्या राहत नाहीत, त्या प्रकृतीच्या दृष्टीनेही तुलनेने बऱ्या ठरतात. त्या मोजक्या असणे हा म्हणूनच हौसेचा प्रश्न नाही.

जुहूचा किनारा ओहोटीला पाच-सहा किलोमीटर मोकळा मिळतो, आणि ठाण्याचे येऊर, नेरूळची पाणथळ किंवा खारघरचे सेंट्रल पार्क गाठणाऱ्यांचीही संख्या वाढते आहे. सागरी सेतूवर वर्षातून एकदाच धावता येते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूवरही पुढच्याच महिन्यात धावण्याची स्पर्धा झाली. स्पर्धा संपली, अडथळे हटले आणि सुमारे बावीस किलोमीटरचा तो पूल पुन्हा पादचाऱ्यांना बंद झाला. त्याच्या पायथ्याशी, शिवडीच्या जेट्टीवर, पाच-पन्नास माणसे आजही सकाळी फेऱ्या मारतात. तिथवर नेणाऱ्या रस्त्याला धड पदपथ नाही.